वर्दी

(तालुका वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना गावातल्या अनेकांनी शाळेत पाहिले, आणि त्याहून अधिक जणांनी त्यांच्या ओसरीवर. शाळा सुटली की ते ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक उभी वही होती. कुणाच्या घरी मयत झाली की गुरुजी समाचाराला जात, आणि तेराव्याच्या संध्याकाळी, पाहुण्यांच्या पिशव्या भरून व्हायच्या आत, ती वही घेऊन पुन्हा जात. म्हणत, "सगळे जरा बसा. मला नावे सांगा." मग गेलेल्या माणसाच्या आईपासून पाळण्यातल्या नातवापर्यंत सगळी नावे ते लिहून घेत. लेकींची माहेरची नावे, सासरची नावे, गाव, पत्ता. शेवटी घरातल्या सगळ्यांपुढे ते पान मोठ्याने वाचत.

मी तेव्हा या सजाचा तलाठी होतो. पुढे मंडळ अधिकारी झालो आणि चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो. गुरुजींच्या वहीतून जे पान माझ्याकडे यायचे, त्याचा फेरफार मला कधी अडलेला आठवत नाही. इतरांची प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहत. त्या दोहोंतला फरक कशाने पडत होता, हे मला आज सांगायचे आहे. विषय कोरडा वाटेल. पण माणूस गेल्यावर त्याच्या नावाचा कागद अडतो, तेव्हा त्यामागे कुणाचे तरी औषध अडते, कुणाची फी अडते, कुणाचे लग्न अडते. हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे, आणि अलीकडूनही.

अलीकडची गोष्ट आधी सांगतो, कारण ती माझ्याच घरची आहे. माझे आजोबा १९७४ साली गेले. मागे आजी, दोन मुलगे, दोन मुली, असे पाच वारस. वडील म्हणाले, "वर्ष होऊ दे." वर्षश्राद्ध झाले. मग म्हणाले, "वाटणी ठरू दे, मग एकदमच नावे लावू." वाटणी ठरेना, कारण विहिरीकडचा तुकडा दोघाही भावांना हवा होता. आजी गेली, मग थोरले काका गेले, मग धाकटी आत्या गेली. २००३ मध्ये रस्त्याच्या रुंदीकरणात आमचे काही गुंठे गेले आणि मोबदल्याची नोटीस आली ती आजोबांच्या नावाने. एकोणतीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावाने. तोवर पाचांचे चौदा वारस झाले होते. त्यांतला एक सुरतेला, एक मस्कतला, आणि आत्याच्या गेलेल्या मुलाची बायको पोरांना घेऊन माहेरी गेलेली. तिचा पत्ता कुणाकडेच नव्हता. चौदा जणांची कागदपत्रे गोळा करता करता २००६ साली वडील गेले. चौदाचे सतरा झाले. पैसे हातात आले ते २००७ मध्ये. वडिलांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन त्याच पैशांतून करायचे ठरले होते. या साऱ्या काळात मी महसूल खात्यात नोकरी करत होतो. दुसऱ्यांच्या वारस नोंदी करत होतो आणि वडिलांना ठामपणे सांगायला कचरत होतो. याचे दुःख माझ्या मनातून गेलेले नाही.

आमच्या घरी जे चुकले तेच घराघरांत चुकते. वारस नोंद आणि वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांच्या लक्षात येत नाही. वारस नोंद म्हणजे मयताच्या जागी कोण कोण आले एवढेच दप्तरी नमूद करणे. कुणाच्या वाट्याला कुठला तुकडा, हा प्रश्न तिथे येतच नाही. वाटणी नंतर होते, संमतीने तहसीलदारांपुढे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली, नोंदणीकृत दस्ताने, किंवा वाद असला तर दिवाणी न्यायालयात. पण वाटणी करायला बसणार कोण, तर ज्यांची नावे दप्तरी आहेत ते. म्हणजे नावे आधी लागायला हवीत. लोक नेमके उलटे करतात. वाटणीचे जुळेपर्यंत नावे लावत नाहीत, आणि तोवर वाटणीला बसणारी माणसेच एकेक करून कमी होतात, किंवा वाढतात.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते की, वारसाने जमिनीत हक्क मिळाला तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला त्याची खबर द्यावी, तोंडी किंवा लेखी. या खबरीला आमच्या दप्तरी भाषेत वर्दी म्हणतात. वर्दी दिली की तलाठ्याने तिची लेखी पोच तिथल्या तिथे द्यायची, हेही कायद्यातच आहे. ती पोच मागून घ्या, संकोच करू नका. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि वारसाचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व पत्ते असलेली प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ आणि जमिनीचे उतारे एवढे बरोबर हवे. मग स्थानिक चौकशी होते, गाव नमुना ६-क म्हणजे वारसांच्या नोंदवहीत नोंद होते, फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावण्या सुरू होतात. वेळ जातो तो इथून पुढे.

मग हरकत कशी येते? चौतीस वर्षांत माझ्यापुढे आलेल्या हरकतींतल्या बहुतेक एकाच कारणाने आल्या होत्या. वंशावळीत एखादे नाव गाळलेले असायचे, आणि ते नाव बहुधा बहिणीचे असायचे.

यावर मी थोडा थांबतो, कारण हे बोलायला आपण सगळे कचरतो. भाऊ म्हणतो, "तिला दिले-घेतले, लग्न लावून दिले, दर दिवाळीला साडीचोळी करतो, तिला कुठे हवंय?" कदाचित नसेलही हवे. अनेक बहिणी खुशीने हक्कसोड पत्र करून देतात. पण हक्क सोडायला तो आधी असल्याचे मान्य करावे लागते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी ही मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मतः हक्क द्यायला महाराष्ट्राने १९९४ मध्येच सुरुवात केली. देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला, ९ सप्टेंबरपासून. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले की, त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. हे सारे असताना भाऊ प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो की आम्ही दोघेच वारस. ते खोटे प्रतिज्ञापत्र असते. नोंद होते, जमीन विकायला निघते, आणि घेणाऱ्याचा वकील शोध घेताना गावात विचारतो, "यांना बहीण होती ना?" व्यवहार थांबतो. किंवा बहिणीला ते जाऊबाईकडून कळते. जी बहीण विचारल्यावर डोळ्यांत पाणी आणून "मला काही नको रे" म्हणाली असती, ती मुकाट्याने नाव गाळले गेले म्हणून न्यायालयात जाते. अशा दाव्यांत मी साक्षीला गेलो आहे. त्या बायकांना गुंठ्यांचे काही पडलेले नसायचे. "मी त्या घरात जन्मलेच नाही का?" असे मला एकीने न्यायालयाच्या व्हरांड्यात विचारले होते. मला उत्तर देता आले नाही.

आणखी दोन नावे गळतात. एक, मयताची आई. तरुण मुलगा गेला तर बायको-मुलांबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस असते, आणि शोकात बुडालेल्या त्या म्हातारीकडे कुणाचे लक्ष जात नाही. दुसरे, आधी वारलेल्या भावाची बायको आणि पोरे. आमच्या जुन्या उताऱ्यांवर ए. कु. मॅ. अशी अक्षरे दिसतील. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचे नाव मॅनेजर म्हणून लागलेले असते आणि बाकीचे भाऊ त्याच्या नावामागे असतात. थोरला गेला की फक्त त्याच्याच मुलांची नावे लागतात आणि धाकट्यांचा वंश उताऱ्यावरून नाहीसा होतो. ज्यांच्या उताऱ्यावर ही अक्षरे आहेत त्यांनी आज घरी जाऊन जुने फेरफार काढावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुसलमान कुटुंबांत हिस्से वेगळ्या कायद्याने ठरतात, पण वंशावळीत कुणाचेही नाव गाळू नये हे तिथेही तसेच लागू आहे.

एक खुलासा करतो. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. ही नोंद महसुलाच्या कामासाठी असते. उलटे सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात, इतकेच. म्हणून नोंदीला घाबरून हरकत घेऊ नये आणि नोंदीच्या जोरावर कुणाला हुसकावूही नये.

आता नावांचे दुसरे दुखणे. आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून नवरीचे नाव बदलायची रीत होती. कमल सासरी येऊन सुनंदा होते. शाळेच्या दाखल्यावर कमल आणि बापाचे नाव, रेशनकार्डावर सुनंदा आणि नवऱ्याचे नाव, बँकेत सुनंदाबाई, आधारवर सुनंदा आणि जन्मसाल अंदाजाने. ती वडिलांची वारस म्हणून उभी राहते तेव्हा 'कमल ती हीच' हे दाखवणारा एकही कागद तिच्याजवळ नसतो. पुरुषांचेही काही कमी नाही. उताऱ्यावर रामचंद्र, मतदार यादीत रामभाऊ, आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'रामू', कारण दवाखान्यात पुतण्याने रडत रडत जे तोंडात आले ते नाव फॉर्मवर लिहिले. तो फॉर्म लिहिण्याचे काम घरातल्या शांत डोक्याच्या माणसाकडे द्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दवाखान्यात मृत्यू झाला तर ती दवाखाना करतो, घरी झाला तर आपण. तीस दिवस उलटले की परवानगी लागते, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखला हातात आला की तिथल्या तिथे वाचा. नाव, बापाचे नाव, तारीख. चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण पुढचे सगळे कागद या एका कागदावरून निघतात. बायकांच्या दोन नावांसाठी राजपत्रातली जाहिरात किंवा प्रतिज्ञापत्र हयातीतच करून ठेवावे. माझ्या आईचे मी तसे केले. तिने त्या कागदावर सही करताना माहेरचे नाव कित्येक वर्षांनी लिहिले आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिली.

बँकेकडे वळू. इथे मी थोडक्यात सांगेन, कारण मोठा घोळ एकाच शब्दाचा आहे. तो शब्द नॉमिनी. लोकांना वाटते, नॉमिनी झाला तो मालक झाला. सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले की, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात असतो. पैसे वारसांचे. बँकेतल्या ठेवींनाही तेच लागू आहे आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तसेच ठरवले. विम्यात मात्र २०१५ पासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रकमेचा लाभ त्यांचाच. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, वारस ठरेपर्यंत. तरीही नॉमिनी नेमाच, कारण त्याच्यामुळे पैसा बँकेतून लवकर बाहेर येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात.

पूर्ण कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने मयत खातेदाराचा दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरी मेख 'पूर्ण' या शब्दात आहे. आज एक कागद, चार दिवसांनी दुसरा, असे देत गेलो तर ते पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. म्हणून पहिल्या भेटीत कागदांची यादी लेखी मागा, सगळे एकत्र द्या आणि पोच घ्या. नॉमिनी नसला तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचे दावे सोप्या रीतीने, न्यायालयाच्या दाखल्याशिवाय, मिटवायचे आहेत. आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. माणूस गेल्यावर त्याचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. अंत्यविधीसाठी काढले असले तरी पुढे अशा पाच हजारांवरून पाच वर्षांचा अबोला झालेला मी पाहिला आहे. खर्च कुणीतरी स्वतःच्या खिशातून करावा आणि वहीत लिहून ठेवावा.

न्यायालयात कधी जावे लागते, हेही लोकांना नीट माहीत नसते. मोठी येणी, रोखे, शेअर्स यांच्यासाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते. स्थावरासाठी वारस म्हणून मान्यता हवी असेल तर आपल्याकडे दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आहे. तो ज्या कायद्याखाली मिळतो तो मुंबई विनियम ८, साल १८२७. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतानाचा. पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाचा हा कायदा आपण अजून वापरतो. अर्ज केला की न्यायालय जाहीरनामा काढते, हरकतींना एक महिना देते, हरकत नसेल तर दाखला. दोन्ही दाखले वेगळ्या कामांचे आहेत. बँकेने एक मागितला असता दुसरा काढून वर्ष घालवलेले लोक माझ्याकडे आले आहेत. म्हणून आधी ज्या कार्यालयात काम आहे तिथे विचारावे आणि मग वकील गाठावा.

मृत्युपत्राविषयी दोनच गोष्टी. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साध्या कागदावर स्वहस्ते लिहिलेलेही चालते. मात्र दोन साक्षीदारांनी सह्या केलेल्या हव्यात. ते साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडावेत. ऐंशी वर्षांचा माणूस आपल्या ऐंशी वर्षांच्या मित्रांच्या सह्या घेतो, आणि वेळ येते तेव्हा साक्ष द्यायला कुणी उरत नाही. मुंबई शहरात शंभर वर्षे प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातले ते कलम २१३ काढून टाकले. सक्ती गेली, तरी भावंडांत वाद असेल तिथे प्रोबेटचा उपयोग राहणारच.

परदेशी असलेल्या मुलांचा प्रश्न आता आपल्या तालुक्यातही आला आहे. मुलगा तेराव्याला येतो आणि पंधराव्या दिवशी विमानात बसतो. मग कुलमुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीतून करून आणायचे, इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा, त्यात एखादी सही चुकायची. तो इथे असतानाच ते करून घेतले तर दोन दिवसांचे काम आहे. दुःखाच्या दिवसांत कागदाचे बोलणे अभद्र वाटते, हे मला समजते. पण सगळी भावंडे एका घोंगडीवर बसलेली असतात ती त्याच दिवसांत. तेव्हा नावे सांगताना कुणी कुणाशी खोटे बोलत नाही. समोर फोटोला हार घातलेला असतो.

सरकारनेही हे ओळखले आहे. आधी बुलढाणा जिल्ह्यात आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावायची. मोहिमेला नाव फार नेमके दिले आहे. राज्याला अशी मोहीम घ्यावी लागली यावरूनच कळते की मेलेल्या माणसांच्या नावांवर आपण किती शेती कसत होतो. त्या नावावर पीककर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, नुकसानभरपाई मिळत नाही. कसणारा रानात राबत असतो आणि कागदावर आजोबा असतात. मोहीम संपली तरी वर्दी कधीही देता येते. तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही, फक्त वाट लांबते.

गुरुजी २००९ साली गेले. त्यांच्या तेराव्याला वही उघडायला गुरुजी नव्हते, म्हणून मी गेलो. त्यांच्या धाकट्या मुलीने ती माझ्या हातात दिली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्यांनी स्वतःच्याच घरची वंशावळ लिहून ठेवली होती. पत्नीचे माहेरचे आणि सासरचे नाव, दोन्ही मुलींची दोन्ही नावे, आणि लहानपणी दत्तक दिलेल्या मुलाचेही नाव, पुढे 'दत्तक, वारस नाही' अशी टीप आणि दत्तकपत्राचे साल. कुणी उद्या शंका काढू नये म्हणून. खाली रकाना सोडला होता, मृत्यूच्या तारखेचा. तो मी भरला. त्या घरची वर्दी त्यानंतर तिसऱ्या दिवशी दिली गेली आणि महिन्याभरात फेरफार प्रमाणित झाला.

त्या वहीत अजून बरीच कोरी पाने आहेत. वाचनालयाने ती जपून ठेवली आहे आणि आज मी ती मागून घेतली आहे. व्याख्यान संपल्यावर मी इथेच, या खालच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांच्या घरी नावे लावायची राहिली आहेत त्यांनी यावे. सातबारा बरोबर नसला तरी चालेल. आज फक्त नावे लिहू. बहिणींची आधी सांगा.